वालीवचा लाल ठिपका

मैत्रिणींनो, प्रवासाचा लेख म्हटला की काश्मीर, केरळ, गेला बाजार महाबळेश्वर तरी हवं. मी मात्र आज तुम्हाला नेणार आहे वालीवला! "हे कुठं आलं गं बाई?" असं तुमच्यापैकी पुष्कळजणी विचारतील, आणि ज्या वसई-विरारकडच्या आहेत त्या पदर तोंडाला लावून हसतील. कारण वालीवला सहलीला कुणी जात नाही. तिथं माणसं जातात ती कामाला. वसई पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याच्या बाजूला हे गाव. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीनं. आता तिथं बघावं तिकडे कारखान्यांचे गाळे, टेंपोंच्या रांगा आणि पाळी सुटली की रस्ताभर माणसं.

तरी मी तिथं मुद्दाम गेले, आणि गेले ती एका घड्याळापायी. हे घड्याळ माझ्या हातून बिघडलं. म्हणजे तसं पाहिलं तर मी ते दुरुस्त करून आणलं होतं. पण ऐका तर खरं. तुमच्याही कपाटात असं एखादं घड्याळ असेल, आणि माझी चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

मामंजींचं घड्याळ

घड्याळ आमच्या मामंजींचं. ते परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. कामगारांची हजेरी, पाळीची वेळ, उशिरा येणाऱ्यांची नोंद असं त्यांचं काम. सासूबाईंचे धाकटे भाऊ बोटीवर नोकरीला होते. त्यांनी १९७५ साली कुवेतहून येताना मेव्हण्यांसाठी हे घड्याळ आणलं. जपानी सीकोचं, निळ्या तबकडीचं, चांगलं दणकट. उजव्या बाजूला चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं. त्या वेळी आखातातून येणाऱ्या माणसानं सीकोचं घड्याळ आणणं म्हणजे सोन्याची साखळी आणण्यासारखंच होतं, हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्या बायकांना आठवत असेल.

पुढं १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात उतरली आणि कित्येकांना पुन्हा कधी गिरणीचा भोंगा ऐकायला मिळाला नाही. मामंजी तेव्हा बावन्न वर्षांचे. घरात शिकणारी दोन मुलं. दोन वर्षं मिळेल ते काम केलं आणि १९८४ साली वालीवच्या एका प्लास्टिकच्या गाळ्यात त्यांना सुपरवायझरची नोकरी मिळाली. पगार गिरणीच्या निम्मा. सगळी मुंबई सकाळी चर्चगेटकडे धावत असताना आमचे मामंजी दादरहून उलट्या दिशेची विरार गाडी पकडायचे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना रोज असंच जाताना पाहिलं. डबा मी भरायची आणि घड्याळ सासूबाई हातात द्यायच्या.

त्या घड्याळाच्या काचेवर, खालून वर येताना नऊच्या आकड्याजवळ, एक लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा. माझ्या नणंदेनं लहानपणी तो बाबांच्या सांगण्यावरून लावून दिला होता. कशासाठी, ते तिला माहीत नव्हतं. मला तर तो डागच वाटायचा.

काळ लिहिणारं यंत्र

दोन बटणांच्या या घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ 'काळ लिहिणारा'. आणि खरोखरच १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक नावाच्या घड्याळजीनं जे यंत्र वापरलं, ते तबकडीवर शाईचा ठिपका टाकून वेळ लिहायचं. घोडा रेषेपार झाला की टाक ठिपका! पुढं शाई गेली आणि काटा थांबवायची व थांबलेला काटा पुन्हा शून्यावर आणायची सोय आली. ही सगळी करामत मनगटावर मावायला विसावं शतक उजाडलं. गंमत म्हणजे मनगटावर घड्याळ बांधणं हा आधी बायकांचाच शौक. पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवायचे आणि मनगटावरच्या घड्याळाला बांगडी म्हणून हसायचे. पहिल्या महायुद्धात खंदकात उभं राहून खिशातून घड्याळ काढणं जमेना, तेव्हा तीच बांगडी सैनिकांनी मुकाट्यानं हातात चढवली.

क्रोनोग्राफमध्ये मोठा सेकंदकाटा एरवी बाराच्या आकड्यावर गप्प उभा असतो. वरचं बटण दाबलं की तो पळू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो आणि खालचं दाबलं की परत जागेवर. काही घड्याळांच्या कडेला आकड्यांची एक पट्टी असते. तिला टॅकीमीटर म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी हिशेब आपल्या ओट्यावरचा आहे. समजा, एक पोळी लाटून, भाजून उतरवायला तुम्हाला ४५ सेकंद लागले. काटा ४५ सेकंदांवर थांबवा आणि त्याच्या टोकाशी पट्टीवरचा आकडा वाचा. तिथं ८० लिहिलेलं असेल. म्हणजे याच वेगानं तासाला ऐंशी पोळ्या! ४० सेकंदांत एक झाली तर ९०. तासाचे ३,६०० सेकंद भागिले तुमचे सेकंद, एवढंच ते गणित. भागाकार घड्याळ करतं.

डॉक्टरांसाठी केलेल्या घड्याळांत अशाच पट्टीवर नाडीचे ठोके वाचता येतात. तोफखान्याच्या घड्याळांत तोफेचा उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंतची वेळ मोजून अंतर कळतं. विजेचंही तसंच मोजता येतं. लखलखाट आणि गडगडाट यांत दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरावा.

चावी न देता हाताच्या हालचालीवर चालणारं असं घड्याळ कुणालाच जमत नव्हतं, ते १९६९ साली एकदम तिघांनी बाजारात आणलं: स्वित्झर्लंडच्या झेनिथनं, हॉयर-ब्राइटलिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी, आणि जपानच्या सीकोनं. सीकोच्या त्या यंत्राचा क्रमांक ६१३९. आमच्या मामंजींच्या घड्याळात हेच यंत्र. कर्नल विल्यम पोग नावाचे अमेरिकन अंतराळवीर १९७३ साली स्कायलॅबवर गेले, तेव्हा त्यांनी स्वतः दुकानातून घेतलेलं याच यंत्राचं पिवळं घड्याळ खिशातून बरोबर नेलं. ८४ दिवस ते घड्याळ अंतराळात होतं. आणि त्याचा भाऊबंद आमच्या फडताळात, बांगड्यांच्या डब्यात!

मी केलेला पराक्रम

मामंजी जाऊन आता पंचवीस वर्षांच्या वर झाली. घड्याळ बंद पडलेलं. तबकडी उन्हानं विटलेली, काचेवर ओरखडे, स्टीलवर बारीक घासलेले डाग. गेल्या वर्षी आमच्या ह्यांची षष्ट्यब्दी आली. साठीच्या माणसाला काय द्यावं? शर्टाचं कापड त्यांना नको, अंगठी ते घालत नाहीत. माझ्या डोक्यात आलं की बाबांचं घड्याळ नवंकोरं करून हातात ठेवावं.

गुपचूप एका घड्याळजीकडे नेलं. त्यानं विचारलं, "ताई, चालू करून देऊ, का पूर्ण नवीन करून देऊ?" मी म्हटलं, "अहो, पूर्ण नवीनच करा." आठवड्यानं घड्याळ घेतलं आणि इतकी खूष झाले म्हणून सांगू! निळी तबकडी मोरपिसासारखी चमकत होती. काच नवी, केसला पॉलिश, पट्टा नवा. टिकटिक तर सुरेख.

षष्ट्यब्दीच्या दिवशी ओवाळून झाल्यावर डबी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी उघडली, बघितली, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "छान आहे गं. पण बाबांचं कुठं आहे?"

मैत्रिणींनो, काय सांगू, मला पाय ठेवायला जमीन मिळेना. ह्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं. नणंद म्हणाली, "वहिनी, माझा ठिपका गेला की!"

दुसऱ्या दिवशी धावतपळत दुकानात गेले. जुनी काच केव्हाच केरात गेलेली. आणि तबकडी? ती तर फेकलेलीही नव्हती. जुना रंग खरवडून त्याच पत्र्यावर नवा रंग चढवलेला. म्हणजे परत मिळायची सोयच नाही. त्या माणसाची तरी काय चूक? मी 'नवीन करा' म्हटलं आणि त्यानं नवीन केलं.

भाच्याच्या चार गोष्टी

माझ्या नणंदेचा मुलगा घड्याळवेडा. पगारातले पैसे साठवून जुनी घड्याळं घेतो. त्यानं भिंग लावून ते घड्याळ पाहिलं आणि हसू दाबत म्हणाला, "मामी, हे बघ, 'रेझिस्ट' शब्दातलं एक अक्षर गाळलंय." खरंच! रंगवणाऱ्यानं इंग्रजी अक्षरं हातानं उतरवली होती, त्यात एक खाल्लेलं.

त्यानं मग मला समजावलं, ते तुम्हीही ऐकून ठेवा. जुनी घड्याळं जमवणारे लोक जगभर आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: तबकडी मूळची आहे का? तबकडी म्हणजे घड्याळाचा चेहरा. ती विटलेली असली, डागाळलेली असली तरी मूळची हवी. दुसरा प्रश्न: केसला पॉलिश केलंय का? पॉलिशनं कडांची धार मरते आणि गेलेलं स्टील पुन्हा येत नाही. बटणं, काटे, पाठीचं झाकण सगळं एकाच जन्माचं हवं. रंगवलेल्या तबकड्यांची आणि इकडचे तिकडचे भाग जुळवलेली घड्याळं आपल्याकडून इतकी बाहेर गेली, की परदेशातल्या जमवणाऱ्यांनी त्यांना 'मुंबई स्पेशल' असं नावच ठेवलं आहे. नाव आपल्या शहराचं, पण कौतुकाचं नव्हे.

भाचा मला एकदा चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरही घेऊन गेला. म्हटलं, मूळची तबकडी मिळते का बघू. तिथं एका परातीत शेदीडशे घड्याळं: गुलाबी, पोपटी, जांभळी. एचएमटीनं आणि जुन्या स्विस कंपन्यांनी असले रंग कधी स्वप्नातही पाहिले नसतील. विकणारे चाचा मोकळे मनाचे. म्हणाले, "भाभी, लोग चमक माँगते हैं, हम चमक देते हैं." मी मान खाली घातली. चमक मागणाऱ्यांत मीच पहिली.

जमवणाऱ्यांची दुनिया म्हणजे नुसता श्रीमंतांचा खेळ, असं मला वाटायचं. पण भाच्यानं एक गोष्ट सांगितली ती मनात राहिली. पॉल न्यूमन नावाचे हॉलिवूडचे मोठे नट. त्यांना मोटारींच्या शर्यतींचं वेड. त्यांच्या बायकोनं, नटी जोअॅन वुडवर्ड यांनी, त्यांना एक रोलेक्स क्रोनोग्राफ भेट दिला आणि पाठीमागं कोरून घेतलं, 'गाडी सांभाळून चालवा'. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते घड्याळ एक कोटी सत्याहत्तर लाख डॉलरांच्या वर गेलं. आपल्या रुपयांत त्या वेळचे शंभर कोटींहून जास्त! त्या जातीची दुसरी घड्याळंही महागच, पण त्यांना असली किंमत आली नाही. ती आली कुणाचं होतं त्याला, आणि बायकोच्या काळजीच्या त्या शब्दांना. ते शब्द कुणी पॉलिश करून काढले असते तर?

मला माझा ठिपका आठवला. निदान तो कशासाठी होता, एवढं तरी कळायला हवं, असं ह्यांनाही वाटू लागलं. मामंजींच्या जुन्या डायरीत वालीवच्या गाळ्याचा पत्ता मिळाला. बाबा चौदा वर्षं जिथं गेले, ती जागा ह्यांनी कधी पाहिलीच नव्हती. नवरात्र संपल्यावर आम्ही दोघं निघालो.

वालीवची वाट

दादरहून विरार गाडी घ्यावी. सकाळी नऊनंतर या बाजूला बसायला जागा मिळते. भाईंदर सुटलं की खिडकीची जागा सोडू नका. वसईच्या खाडीचा लांबलचक पूल लागतो, मधे पाणजू बेट, कडेला मिठागरं. पलीकडे नायगाव आणि मग वसई रोड. पूर्वेला उतरलं की वालीवला जाणाऱ्या रिक्षा मिळतात. रस्त्याला खड्डे आहेत आणि टेंपो-ट्रकची दाटी आहे, तेव्हा नाकाला रुमाल आणि हाताशी पाण्याची बाटली ठेवा. पावसाळ्यात या भागात पाणी साचतं, म्हणून जायचं ते दिवाळीच्या आगेमागे.

मधेच एखादी जुनी वाडी दिसते, आंब्याचं झाड दिसतं, पूर्वेला तुंगारेश्वरचा हिरवा डोंगर सारखा सोबत असतो. बाकी गाळेच गाळे. कुठं लेथवर लोखंड कापल्याचा आवाज, कुठं पुठ्ठ्याची खोकी, कुठं तापलेल्या प्लास्टिकचा वास. दुपारच्या सुट्टीत डबे उघडून बसलेल्या बायका. आपण घरात वापरतो त्या कितीतरी वस्तू असल्याच ठिकाणी तयार होतात. पण करणारे हात आपण कुठं पाहतो?

गाळा सापडला. मालक बदललेला, नाव बदललेलं, माल मात्र तोच: डब्यांची झाकणं. आम्ही कोण, कशाला आलो, ते सांगितल्यावर आतून एक गृहस्थ हात पुसत आले. जवळच्याच आगरी वस्तीतले, साठीला टेकलेले. अठराव्या वर्षी इथं लागले होते ते मामंजींच्याच हाताखाली. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "दादा, तुम्ही भाऊंचे का? चेहऱ्यावरूनच कळतंय." आणि ह्यांनी घड्याळ पुढं करताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "ठिपका कुठं गेला?"

मी म्हटलं, "भाऊ, तो माझ्याकडूनच गेला. पण तो होता कशाला, ते तेवढं सांगा."

मग त्यांनी मशीनजवळ नेऊन दाखवलं. प्लास्टिकचे दाणे वितळतात, साच्यात शिरतात, साचा गार होतो, उघडतो. कामगारानं दार सरकवायचं, झाकणं काढायची, दार लावायचं, की साचा पुन्हा टनावारी जोरानं मिटतो. जुन्या मशीनला दार उघडं असताना साचा मिटू नये म्हणून एक स्विच असायचा. पण घाईत वेळ वाचावा म्हणून कुणीकुणी तो तारेनं बांधून टाकायचे. त्या काळच्या मालकाचं म्हणणं, तासाला नव्वद वेळा साचा उघडला पाहिजे. नव्वद म्हणजे चाळीस सेकंद. चाळीस सेकंदांत प्लास्टिक पुरतं गार होत नाही, झाकण साच्याला चिकटतं, मग पोरगं हात घालून ओढायला जातं. आणि स्विच बांधलेला.

"एका पोराची दोन बोटं गेली, वहिनी," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी भाऊ घड्याळावर लाल ठिपका लावून आले. मशीनपाशी उभे राहून बटण दाबलं आणि मालकाला दाखवलं. काटा ठिपक्यावर येईपर्यंत दार उघडायचं नाही. पंचेचाळीस सेकंद. तासाला ऐंशी. वर एक नाही. नोकरी जाईल असं आम्हाला वाटलं. भाऊ म्हणाले, झाकणं उद्या पण काढता येतील, बोटं दहाच असतात. तार त्यांनी स्वतःच्या हातानं कापली. त्यानंतर भाऊ असेतोवर या गाळ्यात कुणाचं बोट गेलं नाही."

आमचे हे घड्याळाकडे बघत उभे राहिले. घरी मामंजींनी यातलं अवाक्षर कधी काढलं नव्हतं. गिरणी सुटलेला, निम्म्या पगारावर आलेला माणूस. घरात दोन मुलं. आणि मालकापुढं उभा राहून ऐंशीवर एक नाही म्हणतो. आणि त्याचा पुरावा मी डाग समजून पुसून टाकला.

आता नव्या मशीनवर सेकंद आपोआप दिसतात आणि दार उघडं असलं तर साचा मिटतच नाही. मशीनवर एक विशीतली मुलगी काम करत होती. ह्यांनी घड्याळाचं वरचं बटण दाबलं, मोठा काटा निघाला. साचा मिटला, थांबला, उघडला. ह्यांनी बटण दाबून काटा थांबवला आणि न बोलता मला दाखवला. हे मशीन नवं, साचा नवा, आकडा पंचेचाळीसचा राहिला नव्हता. पण मुलीनं सावकाश दार सरकवलं, झाकणं काढली, दार लावलं. तिची दहाही बोटं मी मोजली.

घंटेवरचा आकडा

परतताना दिवस हातात होता, म्हणून वसईच्या किल्ल्यावर गेलो. तुम्हीही वसईला गेलात तर तो चुकवू नका. १७३९ साली चिमाजीअप्पांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, हे आपण शाळेत शिकलोच. इथल्या चर्चच्या मोठ्या घंटा मराठ्यांनी नेऊन ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच मानतात. तिच्यावर १७२१ हे साल अजून आहे.

मी त्या पडक्या भिंतींत उभी राहून विचार करत होते. घंटा देवळात आली, देव बदलला. पण तिच्यावरचा आकडा कुणी कानशीनं घासून काढला नाही. म्हणून तर ती किती जुनी, ते आज आपण सांगू शकतो. तेवढं शहाणपण माझ्यात असतं तर?

तुमच्या कपाटातल्या घड्याळासाठी

आता कामाच्या गोष्टी. घरात सासऱ्यांचं, वडिलांचं, मामाचं जुनं घड्याळ असेल, मग ते महागडं असो की साधं एचएमटी जनता, तर एवढं कराच.

बंद घड्याळाची चावी किंवा बटणं जोर लावून फिरवू, दाबू नका. वंगण वाळलेलं असलं तर दाते तुटतात. दुरुस्तीला देताना स्पष्ट सांगा: "फक्त साफ करून चालू करा. तबकडीला आणि काट्यांना रंग लावायचा नाही. केसला पॉलिश करायचं नाही. जे काही काढाल, ते पुडीत बांधून परत द्या." आणि हे पावतीवर लिहून घ्या. देण्याआधी पुढून आणि मागून फोटो काढून ठेवा.

पाठीवरचा क्रमांक वहीत उतरवा. त्या काळच्या सीको घड्याळांत त्या क्रमांकाचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिन्याचा. आमच्या घड्याळाचा क्रमांक चारनं सुरू होतो, म्हणजे ते १९७४चं. मामासासऱ्यांनी आणण्याच्या आदल्या वर्षीचं, हिशेब अगदी जुळला. आखातातून आलेल्या काही घड्याळांत वार इंग्रजी आणि अरबी अशा दोन लिप्यांत असतो, आमच्यात आहे. यंत्र आणि वाराची चकती रंगवणाऱ्याच्या हातून वाचली, तेवढं माझं नशीब.

घड्याळ ओल्या जागी ठेवू नका. औषधाच्या बाटलीत येते ती ओल शोषणारी पुडी डबीत टाकावी आणि पावसाळ्याआधी बदलावी. एक इशारा मात्र लक्षात ठेवा: १९६०च्या सुमारापर्यंतच्या काही घड्याळांत अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असे. तो रंगवताना अमेरिकेत शेकडो मुली ब्रशाचं टोक ओठांत धरून रेडियम गिळत होत्या. त्यातल्या कित्येकींचे जबडे सडले, कित्येकी दगावल्या. तेव्हा असं घड्याळ घरी उघडू नका, रंग खरवडू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका.

सगळ्यात शेवटचं आणि महत्त्वाचं: एक चिठ्ठी लिहा. घड्याळ कुणाचं, कुणी दिलं, कुठं जाताना घालायचे, कुठला ओरखडा कशानं पडला. जे वयस्कर घरात आहेत त्यांना आजच विचारा. उद्यावर ढकलू नका. मला विचारायला मामंजी होते तेव्हा सुचलं नाही.

नणंद भाऊबीजेला आली तेव्हा मी तिच्यापुढं लाल नेलपॉलिशची बाटली ठेवली. म्हटलं, "लाव पुन्हा." तिनं बाटली उघडली, थोडा वेळ ब्रश हातात धरला आणि परत झाकण लावलं. "नको गं वहिनी. तो बाबांनी लावायला सांगितला होता. हा तुझ्या समाधानाचा होईल."

बरोबरच बोलली. म्हणून ठिपका लावला नाही. वालीवच्या त्या गृहस्थांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहून काढलं, खाली तारीख घातली आणि ती चिठ्ठी घडी करून डबीत, घड्याळाखाली ठेवली. आमचे हे आता ते घड्याळ रोज घालतात. एक अक्षर खाल्लेल्या तबकडीसकट!